वक्ता म्हातारा, श्रोता म्हातारा



आजचा विषय फळ्यावर वाचून दाराशी भेटलेल्या एका परिचित गृहस्थांनी मला विचारले, "काय हो, आमच्यावरच बोलणार वाटतं?" शंका अगदीच अस्थानी नव्हती. या मंडपात काळ्या केसांची डोकी फारशी नाहीत आणि व्यासपीठावरचे डोकेही पन्नाशी ओलांडलेले आहे. पण मला बोलावयाचे आहे ते अमेरिकेतल्या रेडिओविषयी. त्यातून इथल्या कोणाला काही लागले, तर तो माझा दोष नव्हे.

तिकडे 'टॉक रेडिओ' नावाचा एक प्रकार आहे. त्यात गाणे नाही, नाटक नाही. एक माणूस माईकपुढे बसतो आणि रोज ठरलेल्या वेळी तीन-तीन तास बोलतो. राजकारणावर, पैशावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर. श्रोते फोन करतात, तो त्यांच्याशी वाद घालतो किंवा त्यांची पाठ थोपटतो. आपल्याकडे ही जात वाढली नाही. रेडिओ बराच काळ सरकारचा राहिला आणि २००१ पासून खाजगी एफ. एम. केंद्रे निघाली, तेव्हा त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. त्यामुळे आपल्याकडचा खाजगी निवेदक गाण्यांच्या मधल्या फटीत बोलतो. अमेरिकेतला निवेदक बोलण्याच्या मधल्या फटीत जाहिरात करतो.

हा प्रकार तिथे का बोकाळला, याचे मूळ विचारात नसून लहरींत आहे. जुना रेडिओ मध्यम लहरींवरचा, म्हणजे ए. एम. त्याचा पल्ला लांब, पण आवाजात खरखर. एफ. एम. आले तसे संगीत तिकडे गेले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस श्रोत्यांची संख्याही तिकडेच अधिक झाली. ए. एम. केंद्रांच्या मालकांपुढे प्रश्न उभा राहिला: या खरखरत्या दुकानात आता विकायचे काय? माणसाचे बोलणे खरखरीतूनही समजते. तेव्हा बोलणे विकावे, असे ठरले. न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. ए. बी. सी. केंद्राने १९८२ साली गाणी बंद करून बोलणे सुरू केले, ते याच हिशेबाने. म्हणजे हा धंदा जन्मला तोच उतरत्या कळेच्या जागेत, हे ध्यानात ठेवावे.

पुढे १९८७ साली सरकारी नियामक मंडळाने एक जुना नियम काढून टाकला. वादग्रस्त प्रश्नावर केंद्राने दोन्ही बाजू ऐकवाव्यात, असा तो १९४९ सालापासूनचा नियम होता. दुसऱ्याच वर्षी, १ ऑगस्ट १९८८ रोजी, रश लिंबॉ नावाच्या सदतीस वर्षांच्या गृहस्थाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. प्रारंभी केंद्रे छप्पन्न. पुढे ती सहाशेच्या घरात गेली. हा माणूस कामगार संघटनांचा कडवा टीकाकार. त्याच्याविषयी मला प्रेम असण्याचे कारण नाही. पण कारागीर म्हणून तो अव्वल होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

त्याचा माल खपविण्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. केंद्राकडून रोख रक्कम थोडी किंवा मुळीच नाही. त्याऐवजी कार्यक्रमातली काही मिनिटे जाहिरातींसाठी वितरकाने स्वतःकडे ठेवायची. लहान गावच्या मालकाला तीन तासांचा तयार माल जवळजवळ फुकट मिळाला. मग तो गावातल्या निवेदकाला पगार कशाला देईल? १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादाही उठविली. त्याआधी ती चाळीस होती. काही वर्षांतच क्लिअर चॅनेल या एका कंपनीकडे सुमारे बाराशे केंद्रे झाली.

माझ्या मते खरी गोम इथे आहे. लिंबॉ स्वतः कुठे शिकला? मिझुरीतल्या केप जिरार्डो या लहान गावच्या केंद्रावर, शाळकरी वयात. नंतर त्याला अनेक केंद्रांनी काढून टाकले. मधली काही वर्षे तो एका बेसबॉल संघाच्या कचेरीत नोकरी करीत होता. १९८४ साली सॅक्रॅमेंटोच्या केंद्रावर त्याला सूर सापडला. चुकायला, हाकलले जायला आणि पुन्हा उभे राहायला त्याला पंधरा-वीस वर्षे आणि अर्धा डझन केंद्रे मिळाली. पण त्याचाच कार्यक्रम देशभर पसरला आणि असल्या शिकाऊ जागा एकामागून एक नाहीशा झाल्या.

मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगाराची पद्धत होती. नवा पोरगा दाराशी उभा राही; कोणी गैरहजर असला तर त्या दिवसापुरते त्याला काम मिळे. पद्धत अन्यायाची होती आणि आमच्या आधीच्या पिढीने तिच्याविरुद्ध लढे दिले. परंतु तिच्यातून एक गोष्ट होई, ती ही की जुना हात थकण्याच्या आत नवा हात यंत्राला लागलेला असे. अमेरिकन रेडिओच्या मालकांनी अन्याय ठेवला आणि बदली मात्र काढून टाकली. रात्रपाळीचा निवेदक गेला, त्या जागी दूरच्या शहरातून आलेला आवाज किंवा ध्वनिमुद्रण आले. मग दहा-वीस वर्षांनी हेच मालक विचारतात, नवी माणसे कुठे आहेत? त्यांना घडवायची जागाच त्यांनी मोडीत काढली होती.

तेव्हा भार सारा जुन्यांवर. २००८ साली लिंबॉशी आठ वर्षांचा करार झाला, तो चाळीस कोटी डॉलर्सचा असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००० साली, पॉल हार्वे या भाष्यकाराला ए. बी. सी. जाळ्याने दहा वर्षांच्या कराराने बांधून घेतले, तेव्हा हार्वे ब्याऐंशी वर्षांचे होते! ते २००९ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. आज नाव घेतले जाणारे शॉन हॅनिटी १९६१चे, मार्क लेविन १९५७चे, पैशाचा सल्ला देणारे डेव्ह रॅम्से १९६०चे.

१७ फेब्रुवारी २०२१ रोजी लिंबॉ कर्करोगाने वारला. त्यानंतर काय व्हावे? कित्येक आठवडे त्याच वेळी, त्याच केंद्रांवर, त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रित तुकड्यांचा कार्यक्रम चालू राहिला. पाहुणे निवेदक मध्ये मध्ये सांधा जोडीत होते. क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन हे चाळिशीच्या आसपासचे दोघे त्या खुर्चीवर बसले ते जूनमध्ये. मेलेल्या माणसाला चार महिने कामावर ठेवणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

आता श्रोत्याकडे वळू. तो म्हातारा का? एक तर तो त्या आवाजाबरोबरच म्हातारा झाला. १९८८ साली चाळिशीत असलेला ट्रकवाला आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. दुसरे असे की जोडीदार गेल्यावर, मुले दूर गेल्यावर, रोज बाराच्या ठोक्याला घरात कोणीतरी बोलू लागते, ही लहान गोष्ट नव्हे. आमच्याकडेही आकाशवाणीची 'कामगार सभा' लागली की चाळीतले म्हातारे कान टवकारून बसत. ते सगळे गाण्यांसाठीच बसत असतील, असे मला वाटत नाही.

आणि या माणसाला धंद्यात किंमत किती? जाहिरातदाराचा तक्ता पंचवीस ते चौपन्न वयापर्यंतच पाहतो. त्यापलीकडचा माणूस रोज पाच तास ऐकत असला तरी हिशेबात जवळजवळ शून्य. म्हणून या कार्यक्रमांत सोन्याची नाणी, शक्तीच्या गोळ्या, उशा-गाद्या यांच्याच जाहिराती फार. २०१२ साली लिंबॉने एका कायद्याच्या विद्यार्थिनीविषयी गलिच्छ उद्गार काढले, तेव्हा मोठमोठे जाहिरातदार निघून गेले. त्यानंतर तर हा तोटा अधिकच जाणवू लागला. याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. श्रोत्यांचे फोन आधी एक मदतनीस पारखतो. थरथरत्या, वयस्क आवाजाचा माणूस फोनवर असला तर त्याला शक्यतो हवेत जाऊ देत नाहीत; कारण म्हातारा आवाज कानी पडला की कार्यक्रम म्हाताऱ्यांचा वाटतो! ज्याच्या जिवावर केंद्र उभे आहे, त्यालाच माजघरात लपवून ठेवायचे. पाहुणे आले की आजोबांना आत पाठविणारी घरे आपणही पाहिली आहेत.

तरुणांना बोलणे नको आहे, हे मात्र खोटे. तीच तरुण मंडळी कानात खुंट्या घालून पॉडकास्ट तासन्‌तास ऐकतात. त्यांना खरखर नको, मालकाची ठरलेली वेळ नको आणि उश्यांच्या जाहिराती नकोत. मालक म्हणतात, काळ बदलला. मी म्हणतो, कर्जही पाहा. क्लिअर चॅनेल, म्हणजे पुढची आयहार्टमीडिया, २०१८ साली दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, तेव्हा तिच्यावर सुमारे वीस अब्ज डॉलर्सचे कर्ज होते. ते मुख्यतः कंपनी विकत घेण्यासाठी काढलेले. व्याज भरण्यासाठी काय कापणार? माणसेच. २०२० च्या जानेवारीत देशभरातल्या अनेक गावच्या निवेदकांना तिने घरी बसविले. सॅन फ्रान्सिस्कोचे के. जी. ओ. हे केंद्र अनेक वर्षे त्या शहरात पहिल्या क्रमांकावर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका सकाळी तिथले बोलणे एकाएकी बंद झाले आणि त्या जागी खेळांवरच्या पैजांचा कार्यक्रम आला. २०२३ साली काही मोटार कारखान्यांनी विजेवरच्या गाड्यांतून ए. एम. रेडिओच काढण्याचे ठरविले. फोर्डने ओरड झाल्यावर निर्णय फिरविला, पण त्यासाठी प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेले.

आमच्या चळवळीचीही यात एक चूक आहे. ती सांगितली नाही तर व्याख्यान एकांगी होईल. शिकागोच्या कामगार महासंघाने १९२६ साली स्वतःचे रेडिओ केंद्र काढले होते, डब्ल्यू. सी. एफ. एल. नावाचे. शेवटची तीन अक्षरे त्या महासंघाचीच. वर्गणीच्या पैशांतून उभे राहिलेले, 'कामगारांचा आवाज' म्हणविणारे. १९६०च्या दशकात उत्पन्नासाठी त्यावर तरुणांची लोकप्रिय गाणी वाजू लागली. ती चाललीही जोरात. पण त्या गर्दीत कामगारांसाठी बोलणारी नवी माणसे तयार करण्याचे काम मागे पडले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस गाण्यांचे गिऱ्हाईक एफ. एम. कडे गेले आणि महासंघाने केंद्र विकून टाकले. लिंबॉचा कार्यक्रम देशभर सुरू व्हायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. त्या जुन्या लहरीवर पुढे खेळांच्या गप्पा सुरू झाल्या.