पहिल्या दिवसाचा भाव

‘‘मावशी, तासाला किती पडतो ते बघ ना!’’

भाच्याने नाशिकहून फोनवर हिशेब मांडला. गेम ४,९९९ रुपयांचा, खेळायला ७० तास, म्हणजे तासाला जेमतेम ७१ रुपये. मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि वर पॉपकॉर्न धरलं तर सिनेमा याहून कितीतरी महाग. भागाकार चोख होता. पण मी अंबरनाथच्या एका कारखान्यात वीस वर्षं कॉस्टिंग करतेय. कुणी ‘दर नगाला’ म्हणालं की मी आधी नग कोण मोजतंय ते बघते. इथे तास ठरवतो तो गेम बनवणाराच. त्या टेकडीवर जा, दहा पिसं गोळा कर, परत ये, अशी वीस कामं घातली की गेम ७० तासांचा होतो. वरणात पाणी वाढवल्यासारखं.

हे मी बाहेर बसून सांगत नाही. रात्री ओटा आवरला की तासभर मी स्वतः खेळते. सुरुवात लॅमिंग्टन रोडवरच्या शंभर रुपयांच्या चोरीच्या सीडींपासून झाली. त्याचं कौतुक नाही, पण खोटं कशाला बोलू? नंतर स्टीम हे कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान हाती आलं. २०१५च्या अखेरीस तिथे रुपयांत भाव दिसू लागले आणि चोरीची गरज संपली.

आता हे भाव. अमेरिकेत मोठा गेम म्हणजे ६० डॉलर, हे समीकरण २००५च्या सुमारास बसलं आणि जवळपास पंधरा वर्षं टिकलं. २०२०मध्ये नव्या कन्सोलांबरोबर ७० आले, पीसीवर ते थोडं उशिरा पोचले. कंपन्या म्हणतात की पगार वाढले, गेम अवाढव्य झाले, भाव तेवढाच कसा राहील? हे मला पटतं. पंधरा वर्षं दुधाचा भाव तरी कुठे स्थिर राहिला? पण अमेरिकेतले दहा डॉलर आणि आपल्याकडची वाढ यांचं वजन सारखं नाही. २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आपल्याकडे २,९९९ रुपयांना आला. दोनच वर्षांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा नवा भाग ४,९९९ला होता. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, वीस हजार पगाराच्या पोराचा हा पाव पगार झाला.

आणि भाव कुठवर न्यायचा, हे शेवटी गिऱ्हाईकच ठरवतं. ‘द आउटर वर्ल्ड्स २’साठी मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये ८० डॉलर जाहीर केले. ओरड झाली आणि दीडेक महिन्यातच तो ७०वर आला. ज्यांनी आगाऊ नोंदणी केली होती, त्यांना फरकाचे पैसे परत मिळाले.

माझी खरी हरकत आकड्यावर नाहीच, दिवसावर आहे. फाल्गुनातली हापूसची पहिली पेटी महाग असते आणि आंबाही तेव्हा नीट भरलेला नसतो. वैशाखात तोच आंबा स्वस्त आणि गोड. पीसीच्या गेमचं अगदी असंच आहे. ‘सायबरपंक’ डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा इतका कच्चा होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो खऱ्या अर्थाने पिकला सप्टेंबर २०२३च्या मोठ्या सुधारणेनंतर. मी त्यानंतर घेतला, जवळपास अर्ध्या किमतीत. पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्याने कच्चा खाल्ला.

पीसीवर हा धोका जास्त, कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं. स्टीम पैसे परत देतं, पण खरेदीपासून चौदा दिवसांत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तरच. एकदा एका मोठ्या गेमने (नाव घेत नाही) माझ्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा सुरू होताना ‘शेडर’ तयार करण्यातच पाऊण तास घालवला. ग्राफिक्स कार्डाला चित्र कसं रंगवायचं, याच्या सूचना म्हणजे शेडर. मी चहा केला, भाजी निवडली. तो पाऊण तासही दोन तासांत मोजला गेला.

आमच्या धंद्यात यंत्राची भंगार किंमतही धरतात. प्लेस्टेशनची डिस्क खेळून झाली की विकता येते. पीसीचा गेम तुमच्या खात्याला चिकटतो, त्याची भंगार किंमत शून्य. स्टीमवर पैसे भरताना आता स्पष्टच लिहिलेलं असतं की तुम्ही फक्त परवाना घेताय. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ला आला, मार्च २०२४मध्ये सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांच्या हाती काही उरलं नाही.

मग पहिल्या दिवशी काहीच घेऊ नये? घ्यावं की! ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ २०२५मध्ये २० डॉलरला आला आणि झुंबड अशी उडाली की स्टीमचं दुकानच कोलमडलं. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या स्टुडिओने ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ ५० डॉलरला विकला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार घेऊन गेला. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ही असाच छोट्या चमूचा गेम. अशांना पहिल्या आठवड्यात दिलेले पैसे त्यांच्या पुढच्या गेमला लागतात, असं मी मानते. याउलट ‘स्टारफिल्ड’च्या वेळी तीस डॉलर जादा भरले की पाच दिवस आधी खेळायला मिळत होतं. पाच दिवसांचे तीस डॉलर! ही तर निव्वळ उतावीळपणावरची पट्टी.

माझ्या वहीत ४३ गेम मांडलेले आहेत, पैकी ११ संपवले. त्यातले पहिल्या दिवशी पूर्ण भावाने घेतलेले सहा, संपवलेला एक. हे भाच्याला वाचून दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला.

शेवटी त्याने एकाच माणसाने बनवलेला, पाचशेच्या आतला ‘स्टारड्यू व्हॅली’ घेतला. शेत नांगरतो, गाई पाळतो. ४,९९९वाला त्याच्या विशलिस्टमध्ये आहे, भाव उतरला की स्टीमची मेल येईल.