एक निगेटिव्ह, दोन लॅब

रोलच्या कॅमेऱ्याच्या काळातल्या निगेटिव्हच्या पट्ट्या घरात सापडल्या, तर सगळ्या एकदम स्कॅनिंगला देऊ नका. आधी एकच पट्टी दोन लॅबमधून स्कॅन करून आणा. दोन लॅबना वेगवेगळे फोटो दिले, तर फरक लॅबचा की फोटो काढणाऱ्याचा, हे कळत नाही.

अशी पट्टी निवडा जिच्यात पांढरा फेटा, हळदीने माखलेला चेहरा आणि मोसंबीच्या बागेतली गर्द सावली असेल. दोन्हीकडे डीपीआय (दर इंचाला टिपायचे बिंदू) सारखाच सांगा. ३५ मिमी रोलवरची एक चौकट ३६ × २४ मिमी असते. १२०० डीपीआयला तिचे सुमारे १७०० × ११३० पिक्सेल होतात, म्हणजे ४ × ६ इंची प्रिंटपुरते. ४००० डीपीआयला सुमारे ५६७० × ३७८० होतात आणि १२ × १८ इंची प्रिंटही नीट निघते.

पण पिक्सेल ताणूनही वाढवता येतात. म्हणून फाइल पूर्ण आकारात उघडून फिल्मचे बारीक कण शोधा. कण मध्यापासून कोपऱ्यांपर्यंत स्पष्ट असतील, तर स्कॅनरचा फोकस बरोबर आहे. कोपऱ्यांत ते विरघळले, तर बहुधा पट्टी वाकलेली होती. कण स्पष्ट, पण चेहरा पुसट असेल, तर दोष मूळ फोटोतच आहे.

आता रंग. रंगीत निगेटिव्हचा पाया नारिंगी असतो. तो वजा करून रंग उलटवावे लागतात आणि किती, हे ऑपरेटर व सॉफ्टवेअर ठरवतात. त्यामुळे एकाच यंत्रावरही हळद कधी पिवळी येते, कधी हिरवट. रंग नंतर बऱ्याच अंशी सुधारता येतो. फेट्याच्या चुण्या मात्र पांढऱ्यात बुडाल्या किंवा सावलीतली पाने काळी ठिक्कर झाली, तर त्या फाइलमधून ती परत येत नाहीत. रंगापेक्षा याच दोन जागा आधी पाहा.

धूळ काढायला बरेच स्कॅनर इन्फ्रारेड प्रकाश वापरतात. तो रंगीत फिल्मच्या रंगांतून आरपार जातो, धुळीवर अडतो. कृष्णधवल फिल्ममधली चांदी त्याला स्वतःच अडवते. तिथे ही सोय बंद ठेवायला सांगा.

लॅबची निवड झाली, तरी स्कॅननंतर पट्ट्या मोजून परत घ्या. फाइलमध्ये हरवलेली फेट्याची चुणी निगेटिव्हवर अजून असू शकते.