जळणाची मोळी आणि माकडताप

सुगी आटोपली, भात कणगीत पडले, खळ्यावरचा शेवटचा पेंढा उचलला गेला, की आपल्या खानापूर भागातील घराघरांत एकच घाई सुरू होते : पावसाळ्यापूर्वी जळण भरून घेण्याची. सकाळी कोयते-दोऱ्या घेऊन रानात गेलेल्या बायका उन्हे चढायच्या आत डोईवर मोळ्या घेऊन ओळीने परतताना दिसतात. ज्यांच्या दावणीला बैल आहेत ते गाडीने ओंडके ओढून आणतात. चार महिने पाऊस कोसळणार, न्हाणीतला हंडा रोज तापायला हवा, ओले कपडे आणि कुडकुडणारी पोरे शेकायला हवीत; तेव्हा ही घाई उगाच नव्हे.

‘आता घरोघर गॅस आहे, मग मोळी कशाला?’ असे शहरातले पाहुणे विचारतात. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गरीब घरांतही सिलिंडर पोचला हे खरे. पण आमच्या माउल्यांचा हिशेब सरळ आहे : चहा आणि पाहुण्यांचे जेवण गॅसवर, भात आणि अंघोळीचे पाणी लाकडावर. सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, मोळीला फक्त कष्ट. या हिशेबाला नावे ठेवायला आम्ही हा लेख लिहीत नाही. मोळीबरोबर रानातून आणखी काय घरी येते, त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसांना कडक ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेऊन या तापाचा विषाणू ओळखला. रानाच्या नावावरून त्याला ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ म्हणतात. लोकांनी त्याला ‘माकडताप’ असे सुटसुटीत नाव दिले. बरीच वर्षे हा आजार शिमोग्याच्या बाजूचाच, अशी समजूत होती. पुढे तो सह्याद्रीच्या कडेकडेने सरकला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतील पाली गावी रुग्ण आढळले, २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात साथ आली. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या काजूबागांत मजुरीला गेलेल्या लोकांनाही हा ताप झाला. म्हणजे तो आता आपल्या तिन्ही बाजूंना येऊन गेला आहे.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तो पसरवते गोचीड. मोठी गोचीड आपण गुरांच्या कानात, आचळांजवळ पाहतो. माणसाला चावते ती तिची पिल्ले, आणि ती तिळाहूनही लहान असतात. वाळक्या पाल्यात, गवताच्या शेंड्यावर, पडलेल्या फांदीवर ती वाट पाहत बसतात. आता महिने पाहा. या पिल्लांचा सुकाळ साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, आणि आपला जळण गोळा करण्याचा हंगामही नेमका तोच. वानर किंवा माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आजूबाजूला पसरतात. रान तेच, वाट तीच, आणि त्याच वाटेवर आपली आई-बहीण खाली वाकून काटक्या वेचीत असते.

म्हणून रानात जाताना अंगभर कपडे घालावेत. पुरुषमंडळी लुंगी गुडघ्यावर खोचून जातात ती सवय या दिवसांपुरती तरी सोडावी. लांब पँट आणि तिची टोके मोज्यांत खोचलेली, हे दिसायला विनोदी असले तरी उपयोगी आहे. बायकांनी वरून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. कर्नाटकात आरोग्य केंद्रातून ‘डेपा’ नावाचे गोचीड दूर ठेवणारे तेल दिले जाते. ते मिळत असेल तर उघड्या हातापायांना चोळावे. मोळी बांधण्यापूर्वी जमिनीवर बसून पानसुपारी खाण्याची जुनी रीत आहे. बसायचेच तर मोकळ्या खडकावर बसा, पाल्यावर नको.

घरी आल्यावर मोळी पडवीत किंवा चुलीशेजारी टाकू नये, अंगणाच्या कडेला उतरवावी. कपडे तिथेच बदलून गरम पाण्यात भिजत घालावेत आणि साबण लावून कढत पाण्याने अंघोळ करावी. काखा, कमरेची गाठ, कानामागे नीट पाहावे. गोचीड चिकटलेली दिसली तर तिच्यावर रॉकेल ओतणे, विडीचा चटका देणे हे उपाय करू नयेत. चिमट्याने कातडीला लागून धरावी, सरळ वर ओढावी, मग जागा साबणाने धुवावी.

गोठ्यासाठी रानातला वाळका पाला भरून आणणाऱ्यांनीही सावध राहावे. गुरांना हा ताप होत नाही, परंतु मोठ्या गोचिडी गुरांवर पोसतात आणि त्यांची संख्या वाढते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून गोचिडींचे औषध गुरांना वेळेवर लावणे हे गोठ्याचे काम आहे तसेच घराच्या आरोग्याचेही. रानात मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, काठीने ढोसू नका. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा आणि तिकडची जळणाची वाट बंद करा.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप एकदम चढतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात, उलट्या होतात, काहींच्या नाका-हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांना ताप उतरून आठ-पंधरा दिवस गेल्यावर पुन्हा ताप येतो आणि त्या वेळी भ्रम, थरथर दिसते. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर नेमके औषध नाही. वेळेवर दवाखान्यात नेऊन शरीरातील पाणी आणि रक्तस्राव सांभाळणे हाच उपचार. पूर्वी एक लस दिली जात असे, पण ती पुरेशी गुणकारी ठरत नाही असे दिसल्यावर तिचा वापर थांबला. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून घेऊ नयेत, त्यांपैकी काहींनी रक्तस्राव वाढतो. आणि डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे : ‘आम्ही जळणाला रानात गेलो होतो.’ हे एक वाक्य न सांगितल्यामुळे मलेरियाच्या तपासणीत मोलाचे दिवस जाऊ शकतात.

रानात जाण्याच्या खेपा कमी झाल्या तर धोकाही कमी होतो, आणि इथे ओल्या-सुक्याचा प्रश्न येतो. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. वीस किलोच्या ओल्या मोळीत दहा किलो पाणी आपली बाई मानेवर वाहून आणते, आणि तेवढे पाणी चुलीत नुसते आटवायला निदान दीड किलो कोरडे लाकूड खर्ची पडते. शिवाय धूर. त्या धुराने खोकला, दमा आणि डोळ्यांचे विकार होतात ते वेगळेच. ओंडके फोडून, खाली दोन दगड ठेवून, वारा खेळेल असे रचून आणि फक्त वरून झाकून ठेवावेत. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर ते वाळण्याऐवजी कुजतात. यंदाचे लाकूड पुढच्या वर्षासाठी, ही शिस्त लावली की त्याच जळणात अधिक दिवस निघतात. काजूची टरफले आणि बिब्ब्याचे लाकूड मात्र चुलीत नको, त्यांचा धूर डोळ्यांना व कातडीला बाधतो. निखाऱ्यांचे घमेले बंद खोलीत उशाशी ठेवून झोपणे तर प्राणावर बेतते. त्या विषारी वायूला वास नसतो.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाल्यापासून तेथून परवानगीशिवाय लाकूड आणणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. त्यापेक्षा आपल्या बांधाकडे पाहावे. गिरीपुष्पाचे मनगटाएवढे जाड, चार-पाच फूट लांब फोक पहिल्या पावसात बांधावर रोवले की बहुतेक फुटतात. दोन-तीन वर्षांत छाटणीला येतात, आणि छाटले की पुन्हा वाढतात. पाला चिखलणीच्या वेळी भाताच्या खाचरात तुडवावा, उत्तम खत होते. फांद्या तोडून मांडवाखाली रचाव्यात.