दाबाचे पायमोजे आणि उभ्याचे काम



जालन्याच्या सळयांच्या कारखान्यातील कामगार असो, कापडदुकानातील नोकर असो, की आपल्या धावड्यातील पिठाच्या गिरणीवरचा माणूस असो. दिवसभर उभे राहणाऱ्याचे पाय संध्याकाळी जड होतात. थकवा म्हणून आपण ते सोडून देतो. त्यामागील कारण समजून घेतले पाहिजे.

हृदय रक्त पायापर्यंत ढकलते; पण ते परत वर कसे चढते? चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतील नीला पिळल्या जातात व रक्त वर सरकते. नीलांतील झडपा ते खाली घसरू देत नाहीत. माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला की हा पंप थंडावतो, रक्त साचते, घोटे सुजतात. झडपा निकामी झाल्यास शिरा फुगतात, कातडी काळवंडते आणि घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम होते. आनुवंशिकता, गरोदरपण व वाढते वजन यांचाही यात वाटा असतो.

अमेरिकेतील कॉनराड जोब्स्ट हा अभियंता याच दुखण्याने बेजार होता. पाण्यात उभे राहिले की आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले. कारण पाण्याचा दाब खाली अधिक व वर कमी असतो. 1950 च्या सुमारास त्याने त्याच क्रमाने आवळणारे मोजे बनविले.

या मोज्यांनी सूज व जडपणा कमी होतो, भरलेली जखम पुन्हा उघडण्याचा धोका घटतो. फुगलेल्या शिरा मात्र त्यांनी नाहीशा होत नाहीत. साध्या जडपणास पाऱ्याचे 15 ते 20 मिलिमीटर दाबाचे मोजे बहुधा पुरतात. त्याहून घट्ट मोजे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. घोटा व पोटरी मोजून मोजे निवडावेत, सकाळी सूज येण्यापूर्वी चढवावेत, वरची कड दुमडू नये, रात्री काढावेत. रोहिण्या अरुंद झालेल्यांना किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना ते अपायकारक ठरू शकतात. त्यांनी आधी तपासणी करावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर मोजे न शोधता दवाखाना गाठावा.

आता शेवटची गोष्ट. उभ्याने काम करणाऱ्यास बसण्याची सोय हवी, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 44 व्या कलमात लिहिले गेले. दुकानांतील नोकरांसाठी तसा कायदा केरळने 2018 साली व तामिळनाडूने 2021 साली केला. मोजे कामगाराने जरूर घालावेत. पण त्यामुळे स्टूल देण्याची मालकाची जबाबदारी संपत नाही. स्टूल मागा, आणि मधूनमधून चार पावले चालण्याची सवडही मागा.