चौकटीबाहेरचा चेहरा

‘टॉम अँड जेरी’मध्ये टॉमला केरसुणीने बडवणारी ती घरातली बाई आठवते? जाड पाय, घरंगळलेले मोजे, सपाता, खणखणीत आवाज. चेहरा मात्र कुणालाच आठवणार नाही, कारण कॅमेरा तिच्या खांद्यांच्या वर सहसा जातच नाही. एमजीएमच्या १९४० मधल्या ‘पुस गेट्स द बूट’पासून १९५२ पर्यंत ‘मॅमी’ म्हणून ओळखली जाणारी ही कृष्णवर्णीय बाई पडद्यावर वावरली. तिला आवाज दिला लिलियन रँडॉल्फ यांनी. रेडिओवर त्यांचं नाव होतं, पण या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ते आलं नाही. निर्माते फ्रेड क्विंबी यांचं नाव मात्र ठळक असे, आणि मालिकेची सात ऑस्करंही त्यांनीच स्वीकारली.

कार्टूनला बोलता येऊ लागलं तेव्हा अमेरिकी रंगभूमीवरचे काळं फासून केलेले मिन्स्ट्रेल विनोद त्याच्या हाताशी तयारच होते. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचा पहिला कार्टून नायक बॉस्को (१९३०) त्याच साच्यातला. पण स्टुडिओंना जॅझही हवं होतं. फ्लायशर बंधूंनी १९३२ च्या ‘मिनी द मूचर’मध्ये जॅझ गायक कॅब कॅलोवे यांच्या नाचाच्या चित्रफितीवरून एक भुताटकीचा वॉलरस रेखाटला. त्यात कलावंताची लय अशी उतरली आहे की आजही थक्क व्हावं. त्याच वर्षी त्याच स्टुडिओने लुई आर्मस्ट्राँग यांचं डोकं नरभक्षक म्हणून कोको आणि बिंबो या आपल्या कार्टून पात्रांच्या मागे धावायला लावलं! एकाच छताखाली, एकाच वर्षात. कलेचं कौतुक आणि माणसाचा अपमान यांत तिथल्या कुणाला विसंगती जाणवली असेल असं पडद्यावर तरी दिसत नाही.

बॉब क्लॅम्पेट यांचा ‘कोल ब्लॅक’ (१९४३) तर जास्तच अडचणीचा. हालचाल, वेग, संगीत, सगळं अव्वल. चेहरे मात्र ओंगळ. चित्रपट सुमार असता तर विसरून जाणं सोपं होतं. १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने असे अकरा चित्रपट दूरचित्रवाणीवरून बाद केले, त्यांत हाही गेला.

कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने अशा चित्रणाविरुद्ध सतत आवाज उठवला आणि तो रास्तच होता. पण दुरुस्ती कशी झाली पाहा. साठच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही चित्रपटांतून मॅमीला खोडून तिच्या जागी गोरी बाई रेखाटली गेली, आवाज जून फोरे यांचा. ‘सॅटर्डे इव्हनिंग पुस’मध्ये (१९५०) मॅमी नटूनथटून ब्रिज खेळायला जाते. तिला घराबाहेरचं आयुष्य आहे, मैत्रिणी आहेत, आणि घराकडे धावत येताना क्षणभर तिचा चेहराही दिसतो. नव्या आवृत्तीत तिथे एक गोरी तरुणी आली. मॅमीला चेहरा द्यायचा, मान द्यायचा, रँडॉल्फ यांचं नाव लावायचं, हे सगळे मार्ग मोकळे होते. निवडला गेला खोडरबर. नव्वदच्या दशकात थेआ विडाल यांनी मॅमीचे संवाद नव्याने बोलले, तेव्हाही मॅमीचं मूळ चित्र तेच राहिलं.

स्पीडी गोन्झालेसची गोष्ट वेगळी वळते. १९५५ च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेल्या या मेक्सिकन उंदराला कार्टून नेटवर्कने १९९९ मध्ये बाजूला ठेवलं. त्याला परत आणा म्हणणाऱ्यांत लॅटिनो संघटनाच होत्या, आणि २००२ मध्ये तो परतला. त्याचे आळशी, झिंगलेले सोबती अपमानास्पद आहेतच. पण गोऱ्यांच्या मांजराला हरघडी हरवणारा उंदीर आपला आहे, असं ज्यांना वाटलं त्यांचा हट्ट मला पटतो.