बिल्ल्याची मागची बाजू

कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी, तर कोणी काडेपेट्यांवरील चित्रे. घरातील वडीलधारी मंडळी अशा छंदांकडे कधी कौतुकाने पाहतात, तर कधी "काय हा पसारा मांडला आहे!" असे म्हणून त्रागा करतात. आपल्याकडे फारसा परिचित नसलेला, परंतु अमेरिकेत व इंग्लंडात चांगला रुजलेला असाच एक छंद म्हणजे लष्करी विमानदळांच्या जुन्या स्क्वाड्रन-बिल्ल्यांचा संग्रह. वस्तू तशी क्षुल्लक. तळहाताएवढा कापडाचा किंवा चामड्याचा तुकडा, त्यावर एखादा वाघ, गरुड किंवा डोळे वटारलेले बदक. आणि हा तुकडा एके काळी कुणा तरुण वैमानिकाच्या जाकिटावर छातीशी शिवलेला होता, एवढेच काय ते त्याचे माहात्म्य. परंतु गंमत अशी की, असा बिल्ला हाती आला म्हणजे जाणता संग्राहक त्यावरील चित्र न्याहाळीत बसत नाही. तो प्रथम बिल्ला उलटा करतो आणि त्याची मागची बाजू पाहतो. असे का, हेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

पायदळाच्या जुन्या पलटणींना शतकाशतकांची परंपरा असते. त्यांची निशाणे असतात, त्यांच्या लढायांची नावे त्या निशाणांवर कोरलेली असतात. विमानदळाला असे काहीच नव्हते. ते पहिल्या महायुद्धात जणू एका रात्रीत जन्मास आले. तेव्हा वैमानिकांनी आपली परंपरा आपणच निर्माण केली, आणि तीही रंगाचा डबा व कुंचला घेऊन. १९१६ साली अमेरिकन स्वयंसेवकांची एक तुकडी फ्रान्सच्या बाजूने लढू लागली. पुढे 'लाफायेत एस्काद्रिय' या नावाने ती प्रसिद्धीस आली. तिने आपल्या विमानांवर अमेरिकेतील मूळ रहिवाशाचे मस्तक रंगविले. ही कल्पना दारूगोळ्याच्या खोक्यावरील छापावरून सुचली, असे सांगतात. खुद्द अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्ये युद्धात उतरली, तेव्हा तिच्या ९४ व्या स्क्वाड्रनने एका कड्यातून जाणारी उंच टोपी हे चिन्ह घेतले. मुष्टियुद्धाच्या रिंगणात टोपी फेकणे म्हणजे "मीही लढावयास उभा आहे" असे जाहीर करणे. तोच त्याचा अर्थ. इटलीचा नामांकित वैमानिक फ्रांचेस्को बाराका याच्या विमानावर मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा असे. १९१८ च्या जूनमध्ये बाराका मारला गेला. १९२३ साली त्याच्या आईने तो घोडा शुभशकुन म्हणून एन्झो फेरारी या मोटारशर्यतपटूस देऊ केला. आज जगभर लोक त्यास मोटारीचे चिन्ह म्हणून ओळखतात. त्याच्यामागे पुत्र गमावलेली एक माता उभी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

विमानावरील ही चित्रे हळूहळू वैमानिकांच्या अंगावर उतरली. इंग्रजांनी आपल्या स्वभावास अनुसरून या कामास शिस्त लावली. १९३६ पासून त्यांच्या स्क्वाड्रनांची चिन्हे राजाच्या संमतीने ठरू लागली. सर्वांची चौकट एकसारखी, वर राजमुकुट, मध्ये चिन्ह आणि खाली ब्रीदवाक्य. आपल्या भारतीय वायुसेनेनेही ही पद्धत उचलली; मात्र प्रजासत्ताकानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. यामुळे संग्राहकास कालनिर्णयाची एक खूणच मिळते. ब्रिटिश मुकुटाचा आकारही एलिझाबेथ राणी गादीवर आल्यानंतर बदलला होता. आता तिसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत पुन्हा जुन्या धर्तीचा मुकुट आला आहे, तेव्हा नुसत्या मुकुटावर विसंबून मत देण्याची सोय राहिलेली नाही.

अमेरिकनांचा मामला निराळा. त्यांच्या वैमानिकांना १९३१ पासून जे आखूड चामडी जाकीट मिळू लागले, त्यावर स्क्वाड्रनचा बिल्ला शिवण्याची चाल पडली आणि तेथे कल्पनेस पुरेपूर वाव मिळाला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या तुकड्या चक्क वॉल्ट डिस्ने यांना पत्रे लिहून चिन्हाची मागणी करू लागल्या. हँक पोर्टर या चित्रकाराच्या देखरेखीखाली डिस्नेच्या कलाशाळेने अशी सुमारे १,२०० चिन्हे तयार करून दिली आणि त्यांचा एक छदामही घेतला नाही. त्यांपैकी दोनशेहून अधिक चिन्हांवर डोनाल्ड बदक आहे. लहान मुलांना हसविणारे ते चिडखोर बदक बाँबवर स्वार झालेले पाहून प्रथम हसू येते. पण ज्या मुलांच्या छातीवर ते होते त्यांतील पुष्कळ अवघ्या विशीतील होते आणि थोड्याच वर्षांपूर्वी तेच बदक पाहण्यासाठी त्यांनी चित्रपटगृहापुढे रांग लावली असेल, हे ध्यानात आले म्हणजे ते हसू ओठांवरच विरते.

याच कलाशाळेतून आलेल्या एका बिल्ल्याची हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. फिफिनेला नावाची एक पंखधारी चिमुकली परी १९४३ साली अमेरिकेच्या स्त्री-वैमानिकांनी आपले चिन्ह म्हणून घेतली. या तुकडीत १,०७४ स्त्रियांनी शिक्षण पुरे केले. नवी विमाने कारखान्यांतून तळांवर पोचविणे, तोफांच्या सरावासाठी हवेत निशाण ओढून नेणे अशी धोक्याची कामे त्यांनी केली. त्यांपैकी ३८ जणी मृत्यू पावल्या. परंतु सरकारी दफ्तरी त्या सैनिक नव्हत्या, म्हणून त्यांना लष्करी मानवंदना नाही, शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही. एखादीचा देह घरी पाठविण्यासाठी मैत्रिणींना वर्गणी काढावी लागे. १९४४ च्या डिसेंबरात ही तुकडी मोडली. सैनिक म्हणून त्यांना मान्यता मिळाली १९७७ साली, आणि अमेरिकन काँग्रेसचे सुवर्णपदक २०१० साली. मधल्या तेहतीस वर्षांत त्यांच्या सेवेची साक्ष देणारे सरकारी कागद मुके होते. बोलत होता तो चामड्यावरील त्या परीचा बिल्लाच. मग अशा बिल्ल्यास केवळ शोभेची वस्तू कोण म्हणेल?

आता आपल्या घराजवळ येऊ. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनकडे जाणारा जमिनीवरील मार्ग तुटला. तेव्हा आसामातील चबुआ, दिनजान, जोरहाट, तेजपूर अशा तळांवरून हिमालयाची पूर्वेकडील शिखरे ओलांडून चीनमधील कुन्मिंगपर्यंत विमानांनी सामान नेण्यास प्रारंभ झाला. वैमानिक या मार्गास 'हंप', म्हणजे उंटाचे मदार, असे म्हणत. १९४५ च्या अखेरीपर्यंत या मार्गाने सुमारे साडेसहा लाख टन माल गेला. आणि पाचशेहून अधिक विमाने व हजारावर माणसे त्या डोंगररानांत पडली.

या युद्धक्षेत्रातील अमेरिकन सैनिकांच्या खांद्यावर एक ढाल असे. तिच्या वरच्या निळ्या भागात चीनचा सूर्य व हिंदुस्थानचा तारा, आणि खाली तांबडे-पांढरे पट्टे. अमेरिकेतून येणारे बिल्ले कधी वेळेवर येत नसत, कधी मुळीच येत नसत. तेव्हा अमेरिकन सैनिकांची वर्दळ असलेल्या आपल्या शहरांतील कारागीर पुढे सरसावले. पिढ्यानपिढ्या जरीचे भरतकाम करणाऱ्या हातांनी कलाबतूने ते तारे आणि सूर्य भरले. चामड्याचे काम करणाऱ्यांनी रंगीत कातड्याचे बारीक तुकडे कापून, एकावर एक शिवून वाघ व गरुड उभे केले आणि डोळे, दात, नखे कुंचल्याने रंगविली. डोनाल्ड बदकाचा चित्रपट त्यांतील किती जणांनी पाहिला असेल, देव जाणे! तरीही हातात मिळालेल्या कागदावरून त्यांनी ते बदक असे उतरविले की, आज संग्राहक हिंदुस्थानी बनावटीच्या चामडी बिल्ल्यांना एक स्वतंत्र व मानाचे स्थान देतात. हाताने केलेले असल्याने त्यांतील कोणतेही दोन अगदी एकसारखे नसतात.

त्याच जाकिटांच्या पाठीवर किंवा अस्तरात आणखी एक कापड शिवलेले असे. त्यावर चीनचा ध्वज आणि स्थानिक लिपीत काही मजकूर: हा परका मनुष्य तुमचा मित्र आहे, तो संकटात सापडल्यास त्याला आसरा द्या, अशा आशयाचा. भाषा न जाणणाऱ्या माणसाने अनोळखी शेतकऱ्यापुढे करावयाची ती याचना होती. अशा चिठ्ठ्यांची प्रथा जुनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रज वैमानिक मेसोपोटेमियात व आपल्या वायव्य सरहद्दीवर त्या जवळ बाळगीत. छातीवरचा बिल्ला अभिमानाने सांगे, "मी अमुक". पाठीवरचे कापड हात जोडून सांगे, "मला वाचवा". दोन्ही एकाच जाकिटावर असत, आणि मनुष्यही एकच असे.

असो. जेथे मोल आले तेथे लबाडी आलीच. जुन्या बिल्ल्यांस चांगली किंमत येऊ लागताच नकली बिल्ल्यांचा सुळसुळाट झाला. येथेच मागच्या बाजूचे महत्त्व कळते. पुढील चित्राची नक्कल कोणीही करील. मागची बाजू सहसा खोटे बोलत नाही. युद्धकाळातील बिल्ले बहुधा सुती धाग्याचे किंवा लोकरी कापडावर भरलेले असत आणि त्यांचा काठ कापलेला असे. आज दिसतो तो यंत्राने गुंडाळून शिवलेला जाड, गोल काठ १९६० च्या सुमारानंतर सर्रास झाला. तसा काठ असलेला बिल्ला कोणी १९४३ चा म्हणून दाखवू लागला तर सावध व्हावे. अतिनील किरणांच्या दिव्याखाली नव्या कृत्रिम धाग्यांपैकी पुष्कळ लख्ख चमकतात, जुना सुती धागा मंद राहतो. मात्र हीही कसोटी निर्दोष नव्हे. एखाद्या गृहिणीने मुलाचे जाकीट युद्धानंतरच्या साबणचुऱ्यात धुतले असेल, तर त्यातील शुभ्रकारक द्रव्यामुळे अस्सल बिल्लाही चमकतो. म्हणून जाणकार अनेक पुरावे एकत्र पाहतो: काठाभोवती टाक्यांची जुनी छिद्रे आहेत काय, रंगाला गेलेले तडे चामड्याच्या सुरकुत्यांशी जुळतात काय, मागील कापड पुढच्या मानाने कमी विटलेले आहे काय.

परंतु मागच्या बाजूवर याहूनही मोलाचे काही असू शकते, आणि ते म्हणजे नाव. शाईने लिहिलेले आडनाव, सैनिकाचा क्रमांक, कधी नुसती दोन अक्षरे. १९४३ पासून परत न आलेल्या अमेरिकन विमानांविषयी जो अहवाल लिहिला जाई, त्यात विमानावरील माणसांची व त्यांच्या जवळच्या आप्तांची नावे असत; हे अहवाल आजही जतन केलेले आहेत. नाव असेल तर बिल्ल्यावरून माणसापर्यंत आणि माणसावरून घरापर्यंत पोचता येते. आपल्या ईशान्येकडील डोंगरांत बेपत्ता झालेल्या अमेरिकन हवाई सैनिकांची संख्या सुमारे ४०० सांगितली जाते. १९४४ च्या जानेवारीत कुन्मिंगहून चबुआकडे येताना हरवलेल्या एका विमानाच्या जागी सापडलेले अवशेष २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीहून सन्मानपूर्वक मायदेशी रवाना झाले. बहात्तर वर्षे कोणी तरी वाट पाहत होते. अशा शोधात लहानसहान वस्तूही कधी बोलकी ठरते.

आणि म्हणूनच या छंदातील सर्वांत मोठा अपराध नकली बिल्ला विकण्याचा नव्हे, असे आम्हांस वाटते. नकलीने खरेदीदाराचे पैसे बुडतात. पैसे पुन्हा मिळविता येतात. खरा अपराध म्हणजे अस्सल बिल्ला जाकिटावरून उसवून, जाकीट एकास, बिल्ला दुसऱ्यास आणि छायाचित्र तिसऱ्यास विकणे. प्रत्येक वस्तू अस्सलच राहते, किंमतही कदाचित अधिक येते; परंतु ज्या माणसाची ती होती तो माणूस मात्र कायमचा हरवतो. एकदा युद्धात हरवला होता, आता बाजारात हरवतो. हे काम बहुधा दुष्ट लोक करीत नाहीत. घर आवरताना, आजोबांची पेटी रिकामी करताना, उतावीळ झालेली साधी माणसेच ते करतात.

तेव्हा आपल्या घरी अशी एखादी वस्तू असल्यास, मग ती आजोबांच्या पलटणीची असो वा काकांच्या वायुसेनेतील असो, काही साधे नियम पाळावेत. ती धुऊ नये, घासू नये, वहीत डिंकाने चिकटवू नये. प्रखर उजेडापासून व पावसाळी ओलीपासून जपावी. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवावयाच्या तर त्यांचा वस्तूस स्पर्श होऊ देऊ नये. जी वस्तू जेथे शिवलेली आहे ती तेथेच राहू द्यावी. आणि मुख्य म्हणजे एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवावे: ही कोणाची, त्यांनी कोठे व केव्हा सेवा केली, ती आपणांकडे कशी आली. घरातील म्हाताऱ्या माणसास हे सारे ठाऊक असते. पण त्यांना विचारावयाचे राहून जाते, आणि एके दिवशी विचारण्यासारखे कोणी उरत नाही.

बिल्ल्याची पुढची बाजू तुकडीची असते. वाघ सर्वांचा, गरुड सर्वांचा. मागची बाजू मात्र एकट्याची. तेथे आईने किंवा कुणा हिंदुस्थानी शिंप्याने घातलेले टाके असतात, छातीचा घाम मुरलेला असतो आणि दैव अनुकूल असेल तर एक नाव असते. ते पुसले जाणार नाही एवढे पाहणे, हाच या छंदाचा खरा धर्म होय.