लटकत्या पेटीतून सूर्य

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, फोर्ट समनर या छोट्या गावी, विद्यार्थ्यांचे घोळके वाऱ्याकडे डोळे लावून बसतात. जमिनीलगतचा वारा पडला तरच फुगा सुटतो. त्या फुग्याखाली लटकणाऱ्या सांगाड्याचं नाव ‘हास्प’. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने नासाच्या साथीने तो उभा केला आणि २००६ मध्ये तो पहिल्यांदा उडाला.

हेलियमने भरलेला हा फुगा भाजीच्या पिशवीसारख्या पातळ पॉलिथिनचा असतो. तो सुमारे ३६ किलोमीटर उंची गाठतो. तिथे हवेचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग पायाखाली राहतो. भरदिवसा आकाश काळं दिसतं आणि जमिनीवरच्या दुर्बिणीत थरथरणारं सूर्यबिंब स्थिर होतं. सूर्याच्या अभ्यासाला एवढी मोक्याची जागा रॉकेटच्या खर्चाशिवाय मिळते.

मात्र अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात. मूळ हास्पवर विद्यार्थ्यांच्या पेट्यांसाठी जागा होत्या १२ : आठ लहान, चार मोठ्या. लहान पेटीला वजनाची मर्यादा ३ किलो, मोठीला २०. लहान पेटीच्या वाट्याला वीज यायची ती जेमतेम १५ वॉट, म्हणजे घरातल्या एका एलईडी दिव्यापुरती. माहिती खाली धाडण्याचा वेग सेकंदाला १२०० बिट. एवढ्यात छायाचित्रं कशी पाठवणार? ती पेटीतल्या कार्डावरच साठवायची आणि पॅराशूटने सांगाडा सुखरूप उतरण्याची वाट पाहायची.

त्यात सूर्य पाहणाऱ्या पेटीची अडचण वेगळीच. दोराला टांगलेला सांगाडा सावकाश गिरक्या घेतो. कॅमेरा एका दिशेला रोखून ठेवला, तर सूर्य क्षणभर दिसून निसटतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या विद्यार्थ्यांनी ‘हेलिओस’ नावाची पेटी बांधली ती हे कोडं सोडवायला. प्रकाश जोखणारे छोटे डायोड सूर्य कुठल्या बाजूला आहे ते सांगणार, मोटारी त्या दिशेला कॅमेरा वळवणार आणि हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात सूर्याची छबी टिपली जाणार.

दुसरा शत्रू उष्णता. वर जाताना उणे ५०-६० अंशांची थंडी लागते, म्हणून मुलं पेटीला ऊब देण्याच्या मागे लागतात. पण माथ्यावर पोचल्यावर हवाच नसल्यासारखी. पंखा फिरून उपयोग नाही. ऊन लागलेली मोटार आणि चिप आपल्याच उष्णतेने तापत जातात. म्हणून उड्डाणाआधी टेक्सासमधल्या पॅलेस्टाइन इथे नासाच्या फुगे केंद्रातल्या निर्वात कोठडीत प्रत्येक पेटीची परीक्षा होते. तिथे नापास होणारी पेटी उडत नाही.

उडालेल्या पेटीचीही परीक्षा संपत नाही. मोटार अडकली, कॅमेरा बंद पडला, एकही छबी हाती आली नाही, तरी डिसेंबरात अहवाल द्यावाच लागतो. काय बिघडलं, का बिघडलं, सगळं त्यात येतं. पुढच्या वर्षीची मुलं पेटीला हात लावण्याआधी तो वाचतात.